एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

मी मराठीचा प्राध्यापक. आकड्यांशी माझा संबंध पगाराच्या तारखेपुरता आणि उत्तरपत्रिकांवरच्या गुणांपुरता. पण मागल्या दिवाळीत, आमच्या अंबाजोगाईच्या घरी, एका संख्येने मला चांगलेच खिळवून ठेवले.

त्याचे असे झाले. आईने नातवंडांना फटाक्यांसाठी हजार रुपये दिले. मुले सात. वाटणीचे काम नववीतल्या पुतणीकडे आले. गणिताचा तिने असा धसका घेतलेला, की पुढे तो विषयच नको म्हणत होती. ती भागाकार करीत बसली. १४२ रुपये, मग ८, ५, ७, आणि पुन्हा १, ४, २! पोर रडकुंडीला आली.

"काका, माझं चुकतंय. तेच तेच आकडे परत येताहेत!"

तिचे चुकत नव्हते. तिला १४२८५७ ही संख्या भेटली होती.

वाचकहो, तिला २ ने गुणून पाहा: २८५७१४. ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५, ६ ने ८५७१४२. अंक तेच, क्रम तोच. सुरुवात तेवढी वेगळी. आणि ७ ने गुणले की ९९९९९९!

यात जादू नाही. १ ला ७ ने भागत गेले की बाकी ३, २, ६, ४, ५ अशी उरत जाते आणि शेवटी पुन्हा १ येते. मग तोच फेरा सुरू. रहाटगाडग्याची ही सहा गाडगी! पहिले गाडगे कोणतेही धरा, मागची त्याच क्रमाने येणार.

दुसरी गंमत पाहा. या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवा, पुन्हा १४२८५७! ४५ चेही तसेच: वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५. अशा संख्यांना जग 'कापरेकर संख्या' म्हणते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि देवळालीला शाळामास्तर झाले. पदव्युत्तर पदवी नाही. त्यामुळे त्यांचा हा उद्योग कित्येक पंडितांना पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. संख्यांनी मात्र त्यांची पदवी कधीच विचारली नव्हती.

हे सारे पुतणीला सांगितले. तिने वर्ग स्वतः करून पाहिला. एकदा चुकला, दुसऱ्यांदा जमला. मग विचारले, "आणि ८ ने गुणलं तर?"

"मला ठाऊक नाही. तूच पाहा."

बाहेर फटाके वाजत होते. ती वही घेऊन धावत आली. "काका, ११४२८५६! पुढचा १ काढून शेवटच्या ६ मध्ये मिळवला, की झालं १४२८५७!"

प्रत्येकाला १४२ रुपये मिळाले. उरलेले सहा आईने तिच्या हातावर ठेवले.