दुखऱ्या डोक्यावर हलका हात

मुरगळलेल्या पायाला बांधतात ती क्रेप बँडेजची पट्टी डोक्याला गुंडाळायची, हा उपाय पुण्यातल्या योगवर्गांना चांगला ठाऊक आहे. कपाळ आणि डोळ्यांवरून ती अलगद फिरवतात, नाक मोकळं ठेवतात. मग माणसाला लोडावर निजवतात, नाहीतर पुढे वाकवून त्याचं कपाळ खुर्चीवर टेकवतात. योग शिकवायला १९३७ साली पुण्यात आलेले बी. के. एस. अय्यंगार २०१४मध्ये निधन होईपर्यंत इथेच राहिले. १९७५मध्ये मॉडेल कॉलनीत त्यांची रमामणी अय्यंगार संस्था सुरू झाली. लोड, खुर्ची, पट्टी आणि शिक्षकाचा आधाराचा हात वापरून दुखणाइतांना आसनं करायला लावण्याची त्यांची पद्धत तिथून जगभर गेली.

डोकं ठणकलं की धडपा कपाळाला करकचून बांधणाऱ्या, सुंठेचा लेप देणाऱ्या आजीला ही पट्टी अजिबात नवखी वाटली नसती.

पण या सगळ्याने अर्धशिशीत फरक का पडावा? अर्धशिशी हा मेंदूचा आणि नसांचा आजार आहे. एका बाजूने ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आणि हे चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत चालतं. बायकांमध्ये त्याचं प्रमाण पुरुषांच्या सुमारे तिप्पट. चेहरा, कपाळ आणि मेंदूच्या आवरणाची वेदना ट्रायजेमिनल नावाची नस वाहून नेते. मानेच्या वरच्या तीन मणक्यांपाशी निघणाऱ्या नसाही मेंदूच्या बुंध्यात त्याच ठिकाणी येऊन मिळतात. त्यामुळे मानेतला ताण कपाळात दुखू शकतो आणि डोक्यातली कळ मानेत उतरते. कवटीच्या तळाशी, मागच्या केसांच्या रेषेखाली, लहान लहान स्नायूंच्या जोड्या आहेत. त्यांतला एक स्नायू मेंदूच्या बाहेरच्या आवरणाला तंतूंनी जोडलेला असतो, हे अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५मध्ये दाखवलं. दिवसभर मान खाली घालून मोबाइल किंवा संगणकासमोर बसणाऱ्या माणसाचे हेच स्नायू आखडतात, आणि फिजिओथेरपिस्टची बोटं बहुधा तिथेच जातात. मिनिटभर नुसता स्थिर, हलका दाब. चोळणं नाही, रगडणं तर नाहीच.

हलका हा शब्द इथे गांभीर्याने घ्यायला हवा. अर्धशिशी असलेल्या निम्म्याहून अधिक लोकांना झटक्याच्या वेळी कंगवासुद्धा सोसत नाही, चष्म्याची काडी टोचते, उशीला डोकं टेकवत नाही. मेंदूतली वेदनेची यंत्रणा इतकी चाळवलेली असते की साधा स्पर्शही दुखतो. अशा वेळी मायेपोटी जोरजोरात चंपी करणारे घरचे लोक नकळत त्रास वाढवतात. हातांच्या उपचाराची खरी वेळ दोन झटक्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत. ऐन झटक्यात अंधारी खोली, वेळेवर घेतलेलं औषध आणि रुग्णाने मागितला तरच हात.

पुण्यातला हाताच्या उपचारांचा दुसरा पत्ता ताडीवाला रस्त्यावरचा. डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात गांधीजी चाळीसच्या दशकात अनेकदा राहिले. त्याच बापू भवनात आज राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. मालीश, माती, पाणी आणि आहार हीच तिथली मुख्य आयुधं.

पुराव्याचं काय? दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२०मध्ये अर्धशिशीच्या रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिने एका गटाला औषधं आणि दुसऱ्याला औषधांसोबत योग. ११४ जणांनी तो पूर्ण केला. योगवाल्या गटात महिन्यातल्या डोकेदुखीच्या वेळा निम्म्याच्या आसपास कमी झाल्या, नुसत्या औषधांवरच्या गटात बारा टक्क्यांच्या आसपास. आपण कोणता उपचार घेतोय हे रुग्णांना ठाऊक होतं, ही त्यातली उणीव. तरी निष्कर्ष आशादायक आहे, आणि औषध बंद करा असं तो कुठेही सांगत नाही.

नॉर्वेतला एक प्रयोग त्याहून बोलका आहे. तिथे १०४ रुग्णांपैकी काहींना मणक्यांना झटका देण्याचा खरा उपचार मिळाला, काहींना तसाच भासणारा, पण मणक्याला न लागणारा हलका दाब, आणि काहींना फक्त नेहमीची औषधं. झटक्याच्या आणि दाबाच्या गटांत सुधारणा जवळपास सारखीच निघाली. झटक्याने वेगळं काही साधलं नाही. कवटीची हाडं सूक्ष्म हलवतो म्हणणाऱ्या क्रेनिओसेक्रल पद्धतीबद्दलही तसंच. त्या हालचालीचा पक्का पुरावा नाही, पण शांतपणे निजून हलका स्पर्श घेतल्याचा विसावा रुग्णाला नक्की मिळतो. स्पर्शाने, आश्वासनाने येणारा आराम खोटा नसतो. त्याच्या नावाखाली मोठाले दावे करून हजारो रुपये उकळणं मात्र चुकीचंच.

मानेला असा झटका देण्यात धोकाही आहे. सलूनमध्ये मालिशीनंतर मान कडाकड मोडून घेणं अनेकांना आवडतं. त्या हिसक्याने मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथे गुठळी होते आणि अर्धांगवायूपर्यंत वेळ येते. असे प्रसंग विरळ, पण तरुण माणसांतही घडलेले आहेत. मान मोडायला ठाम नकार द्यावा.

आयुष्यात पहिल्यांदाच अचानक उसळलेलं प्रचंड दुखणं, सोबत ताप आणि ताठलेली मान, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, यांत हात लावण्याआधी डॉक्टर गाठायलाच हवा.

हलक्या हाताचा सगळ्यात मोठा उपयोग कदाचित गोळ्या कमी करतानाच आहे. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, आणि मिश्र गोळी किंवा अर्धशिशीवरची ट्रिप्टान गोळी दहा किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखीला कारण ठरू शकते. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती थांबवली की दोन ते दहा दिवस दुखणं उलट वाढतं, झोप उडते, जीव कासावीस होतो, आणि पुष्कळ जण तिथेच हार मानून पुन्हा मेडिकलच्या दुकानात जातात. त्या दिवसांत रोज वीस मिनिटं मानेवर आणि खांद्यांवर घरातल्या कुणाचा हलका हात, डोक्याला सैल पट्टी, कपाळाला टेकू आणि जवळच्या वहीत प्रत्येक दिवसाची नोंद, एवढं जरी जमलं तरी ते दिवस पार पडायला मोठी मदत होते.