शिफ्ट प्रयोगशाळेची

सकाळी 7. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या एका विद्यापीठात मी रसायनशास्त्र शिकवते. आल्या आल्या स्पेक्ट्रोफोटोमीटर सुरू करते. दिवा स्थिर व्हायला वेळ लागतो आणि यंत्र एकच आहे.

8 ते 12. तासांमागून तास. या सत्रात माझ्याकडे चार विषय आहेत. मोठ्या संशोधन विद्यापीठांत प्राध्यापकांवर शिकवण्याचा एवढा भार नसतो.

दुपारी 1. डबा खाता खाता यंत्रदुरुस्तीच्या पैशांसाठी पत्र. ही चणचण जुनी आहे. 1890च्या मॉरिल कायद्यानं राज्यांना बजावलं होतं: कृष्णवर्णीय मुलांना प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढून निधीची न्याय्य वाटणी करा. दक्षिणेतल्या राज्यांनी संस्था काढल्या, वाटणी मात्र न्याय्य केली नाही. 2023मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि कृषी मंत्र्यांनी 16 राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं लिहिली: तीन दशकांत या संस्थांना 12 अब्ज डॉलरहून अधिक रक्कम कमी मिळाली. त्यात अलाबामाही होतं.

2 वाजता माझी विद्यार्थिनी येते. दुसऱ्या वर्षाची, घरातली कॉलेजात आलेली पहिली. आम्ही मातीतला फॉस्फरस मोजतो. तो जितका जास्त, तितका द्रावणाचा निळा रंग गडद; तो गडदपणा यंत्र मोजतं. आज आलेखावर एक बिंदू रेषेबाहेर पडला. मी गप्प राहिले. तिनं पिपेट उजेडात धरलं, टोकाशी अडकलेला बुडबुडा पाहिला आणि न सांगता ते प्रमाणित द्रावण पुन्हा तयार केलं. या वेळी बिंदू रेषेवर बसला. संशोधक घडतो तो अशाच दुपारी.

ही माती कापसानं खंगलेल्या शेतांतली. 1896मध्ये कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला आले ते याच राज्यात. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ शाळेत वाचलं, तेव्हा अलाबामा नकाशात शोधावं लागलं होतं.

5 वाजता पूर्वी ती किराणा दुकानात शिफ्टला पळायची. आता विज्ञान शिकणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या लुई स्टोक्स योजनेतून विद्यावेतन मिळतं, म्हणून सातपर्यंत थांबते. 1991मध्ये सुरू झालेल्या या योजनेचं मोल मला इथे कळलं. आमच्या मुलांकडे हुशारी भरपूर आहे, मोकळे तास नाहीत. ते तास विकतच घ्यावे लागतात.

रात्री 9. नव्या प्रस्तावाचं अंदाजपत्रक. दुसरं यंत्र बसवायचं तर विद्यावेतन कापावं लागतं. यंत्र खोडलं. गोदामात रात्रपाळी करणारा एक मुलगा प्रयोगशाळेतल्या जागेसाठी विचारून गेलाय. त्याचं वर्षभराचं विद्यावेतन धरलं.