सावलीतलं वाळवण

वाळवण म्हटलं की आपल्याला गच्ची आठवते, कुरडया आठवतात आणि डोक्यावरचं कडक ऊन. बेंगळुरूतल्या पहिल्याच मार्चमध्ये मी त्याच हिशेबानं कुंडीतला पुदिना जुन्या साडीवर उन्हात पसरला. दुपारी पाहिलं तर पानं तपकिरी आणि वास गवताच्या गंजीचा. शेजारच्या कन्नड आजींनी एकच शब्द उच्चारला : ‘नेरळु’. म्हणजे सावली.

त्यांचं बरोबर होतं. पुदिना आणि तुळस यांचं सुगंधी तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींत असतं. पान तापलं की पाण्याबरोबर तेही उडतं. पाणी घालवायचं आणि वास ठेवायचा, एवढीच काय ती कसरत. हवा खेळती हवी, आच नको.

समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटरवरचं हे शहर त्याला सोयीचं आहे, पण बाराही महिने नव्हे. फेब्रुवारी ते एप्रिल हवा कोरडी असते, तेव्हा खोलीतल्या दोरीवर टांगलेली जुडी काही दिवसांत कुरकुरते. मेपासून वळीव आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तर धो धो. तेव्हा मी पानं खुडून चाळणीत एकेरी थर लावते आणि चाळणी पंख्याखाली ठेवते. तरी एकदा गवती चहाच्या जुडीला आतून बुरशी धरलीच. जुडी जाड बांधली होती, दुसरं काय!

वाळवणं हे शास्त्रही आहे, हे पाहायचं तर येलहंकाजवळच्या एफआरएलएचटीचं नाव घ्यावं लागतं. स्थानिक आरोग्यपरंपरा टिकवण्यासाठी १९९३ मध्ये ही संस्था सुरू झाली. तिचे संस्थापक दर्शन शंकर त्याआधी आपल्या कर्जतच्या आदिवासी पट्ट्यात काम करत होते. संस्थेकडे औषधी वनस्पतींचं हर्बेरियम आहे. हर्बेरियमची रीत अशी : झाडाची फांदी टिपकागदांत दाबायची, ओले कागद पुन्हा पुन्हा बदलायचे आणि शेवटी नाव, ठिकाण, तारीख लिहिलेली चिठ्ठी लावायची. चिठ्ठी नसलेला नमुना म्हणजे नुसता पालापाचोळा. स्वयंपाकघरातल्या बरणीचंही तसंच. वाळलेली तुळस आणि वाळलेला सब्जा सहा महिन्यांनी शेजारी ठेवून ओळखून दाखवा!

खुडणीचीही वेळ असते. दव उडाल्यावर, ऊन चढायच्या आत, साधारण नऊच्या सुमाराला. मंजिऱ्या धरण्याआधीचे शेंडे घ्यायचे, तेही पेराच्या जरा वर कापून, म्हणजे खालून दोन फुटवे निघतात. पाव किलो ताज्या पुदिन्याच्या पानांचे वाळून जेमतेम चाळीस ग्रॅम होतात. बाकीचं सगळं पाणी.

सगळंच वाळवू नये, हेही आपल्याकडे जुनंच आहे. गुळवेल, अडुळसा, शतावरी नेहमी ओलीच वापरावी, असं शार्ङ्गधरसंहिता सांगते. दोन महिन्यांत चूर्णाचं वीर्य घटतं, हाही तिचाच इशारा. म्हणून पानं अख्खीच भरावीत आणि चुरा चहात टाकताना हातावर करावा. पानओव्याचं जाड, रसाळ पान तर वाळवायच्या भानगडीतच पडू नये. इथे त्याला दोड्डपत्रे म्हणतात आणि ताज्या पानांची ताकातली तंबुळी करतात. कोथिंबिरीचंही वाळवून काही उरत नाही.

पान बोटांत चुरगळल्यावर वाकलं तर अजून ओलं, मोडलं तर झालं. पण माझा भरवसा काचेवर. भरलेली बरणी आठवडाभर रोज उजेडात धरून पाहते. आतून एक जरी थेंब दिसला तरी सगळं पुन्हा चाळणीत. परवा गवती चहाच्या बरणीत दोन थेंब दिसले. आता तो पंख्याखाली आहे, आणि बाहेर पाऊस.