वल्ह्याच्या होडीतून खाडीची ओळख

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले येथे, मांडवी खाडीत, स्वामिनी महिला बचत गटाने २०१७ साली पाहुण्यांसाठी होडीची फेरी सुरू केली. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या प्रकल्पाचे त्यास साहाय्य लाभले. या भगिनी स्वतः वल्ही मारून कांदळवनाची माहिती सांगू लागल्या. यंत्राचा आवाज नसल्याने पक्षी बिचकत नाहीत आणि सांगणाऱ्याचे शब्द ऐकू येतात, हा वल्ह्याचा मोठाच लाभ होय.

असा जोडधंदा इतर खाडीकाठी काढावयाचा झाल्यास होडीची तरतूद कशीही होईल. सांगण्याजोगे काय आहे, याचा विचार मात्र आधी व्हावयास हवा. ते ज्ञान गावातील वयस्क मच्छीमारांजवळ आहे. त्यांच्या हयातीत ते विचारून घेतले नाही, तर पुढे ते कोणत्याही कचेरीत मिळणार नाही.

भरतीचेच पाहा. तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ अदमासे निघते, हा कोकणातील जुना हिशेब आहे. चतुर्थीस सुमारे ३ वाजता, अष्टमीस ६ वाजता, पौर्णिमेस वा अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास भरती येते. तेथून साधारण सहा तासांनी ओहोटी पुरी होते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या आसपास पाण्याचा चढउतार कमी असतो. त्यास भांग म्हणतात. फेरीची वेळ याच हिशेबाने ठरवावी, नाहीतर होडी चिखलात रुतावयाची!

पाग फेकून दाखवावा. काठास शिशाचे मणी ओवलेले ते गोल जाळे हवेत उघडून पाण्यावर कसे पडते, हे शब्दांनी सांगून कळत नाही. ओहोटीस स्त्रिया वाळूतून तिसऱ्या वेचतात, खडकांवरची कालवे फोडतात. हे काम सहसा धंद्यात मोजले जात नाही, म्हणून फेरीत ते अवश्य दाखवावे. जवळच्या पुळणीवर रापण लागत असेल तर उत्तमच. एक होडी जाळे अर्धवर्तुळात टाकीत जाते, काठावरची माणसे दोन्ही टोके ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. यांत्रिक मासेमारी वाढल्यापासून रापणीस उतरती कळा लागली आहे. फेरीच्या पैशांची वाटणी करताना तिच्या वाट्यांची रीत डोळ्यांपुढे ठेवण्यास हरकत नाही.

कांदळाचे बी झाडावरच रुजते, हे पाहून पाहुण्यांस नवल वाटते. कोळंबीची व माशांची पिले या मुळांच्या आडोशाने वाढतात. वन गेले तर मासळीही घटेल आणि दाखवावयासही काही उरणार नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यात कांदळवनाच्या नाशास बंदी घातली आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून कार्यरत असून, ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी फेरीची आखणी करण्यापूर्वी त्याचा सल्ला घ्यावा.

प्रत्येक पाहुण्यास तरंगजाकीट घातल्यावाचून होडीत बसवू नये. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात. जाळी विणणे-दुरुस्त करणे व जुन्याजाणत्यांकडून माहिती उतरवून घेणे, यांस ते दिवस सोयीचे पडतात.