आंबणे वेगळे, नासणे वेगळे

उन्हाळा सुरू झाला की उलट्या-जुलाबाचे रुग्ण वाढतात. काय खाल्ले होते, असे विचारले की पुष्कळदा उत्तर मिळते, "डॉक्टर, पीठ जरा जास्त आंबलं होतं, पण टाकवेना." वास्तविक नीट आंबलेले अन्न पचायला हलके असते. त्रास होतो तो नासलेल्या अन्नाने. हा फरक समजून घेऊ.

फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८५७ मध्ये दूध आंबण्यामागे सूक्ष्म जंतू असतात हे मांडले. पुढे १८७६ मध्ये त्यांनी बिअरवर ग्रंथ लिहिला. नको ते जंतू शिरल्यानेच बिअर बिघडते, हे त्यांचे म्हणणे. बिअर असो वा इडली, नियम एकच. हवे ते जंतू आधी वाढले पाहिजेत. इडलीच्या पिठात डाळीवर मुळातच असलेले जंतू लॅक्टिक आम्ल आणि वायू तयार करतात. वायूने पीठ फुगते, आम्लाने घातक जंतूंची वाढ रोखली जाते. नाचणी आंबवल्याने तिच्यातील लोहही शरीराला अधिक मिळते.

हे साधण्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात :

१) भांडी व हात साबणाने स्वच्छ धुवावेत. हाताला गळू किंवा चिघळलेली जखम असेल तर पीठ कालवू नये. त्यातील काही जंतूंचे विष उकळल्यानेही नष्ट होत नाही.

२) स्टील, काच किंवा चिनी मातीचे भांडे वापरावे. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत आंबट पदार्थ ठेवल्यास धातू अन्नात उतरतो.

३) २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात इडलीचे पीठ साधारण ८ ते १२ तासांत तयार होते. कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर होते. फुगल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवावे. फ्रिज नसल्यास त्याच दिवशी संपेल एवढेच भिजवावे.

४) शिजवलेला भात रात्रभर उघड्यावर ठेवून सकाळी आंबवलेला म्हणून खाऊ नये. त्यातही उष्णतेला न जुमानणारे विष तयार होऊ शकते. आंबील शिजवून केली असेल तर ती लवकर निववावी आणि ताजे ताक घालून प्यावी.

५) लोणच्यात मीठ कमी करून प्रयोग करू नयेत. रक्तदाबाच्या रुग्णांनी लोणचेच कमी खावे.

सुखद आंबट वास आणि बुडबुडे ही चांगली खूण. कुजका वास, तार सुटणे, हिरवी-काळी-गुलाबी बुरशी दिसली की सगळे टाकून द्यावे. वरची बुरशी काढून खाली उरलेले खाणे धोक्याचे, कारण तिचे धागे डोळ्यांना न दिसता खोल गेलेले असतात. मात्र वास चांगला आला म्हणजे अन्न निर्धोक, असेही समजू नये.

एवढे करूनही कोणाला जुलाब झालेच तर लगेच जलसंजीवनी सुरू करावी. लहान मूल सुस्त पडले, लघवी कमी झाली किंवा शौचातून रक्त गेले तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. वाटीभर पिठापेक्षा जीव मोलाचा आहे.