साधा टर्नटेबल, सुरेल आवाज

जुन्या टर्नटेबलांच्या एका प्रकारात मोटर आणि थाळी यांच्यामध्ये रबरी चाक असतं. यंत्र वर्षभर पडून राहिलं, की ते चाक एका जागी चपटं होतं आणि गाण्यामागे घरघर ऐकू येते. मग चाक बदला, तेल घाला, स्प्रिंगा जुळवा!

अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या जुन्या यंत्रात आणखी एक मेख असते. तिथली वीज ६० हर्ट्झची, अंबरनाथ-उल्हासनगरची ५०. मोटर विजेच्या तालावर फिरणारी असेल, तर थाळी मिनिटाला ३३⅓ऐवजी जेमतेम २८ फेरे घेते. काळी दोनचा सूर चक्क पांढरी एकवर उतरतो. ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटत नाही, कारण तो व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ नाही.

म्हणून माझं मत डीसी मोटरच्या साध्या, पट्ट्यावर चालणाऱ्या टर्नटेबलाला. त्याची मोटर अडॅप्टरवर चालते, हर्ट्झचा प्रश्नच मिटतो. लवचीक पट्टा मोटरची थरथर पिऊन टाकतो, जड थाळी वेग एकसारखा ठेवते. पट्टा सैल पडला, तर घरीच बदलता येतो. वाचलेले पैसे चांगल्या सुईवर खर्च करा.

बदलापुरात रुळांलगत राहत असाल, तर टर्नटेबल भक्कम भिंतीतल्या फळीवर ठेवा. लोकलचा हादरा जमिनीतून सुईपर्यंत पोचतो.