रॉक मशीनचं इंडस क्रीड झालं, त्याची गोष्ट

नागपूरजवळच्या वाडीत एखादं पोरगं गिटार शिकलं की त्याला पहिली विचारणा गणेश मंडळाकडून येते. ऑर्केस्ट्रात वाजवशील का? हो म्हटलं की किशोरकुमारपासून 'सैराट'पर्यंत सगळं हातात बसलेलं असावं लागतं. अमरावती रोडवरची ट्रान्सपोर्टची गोदामं आणि अंबाझरी ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहती यांच्या सावलीतल्या या गावात स्वतःची गाणी करणारा बँड निघाला तरी टिकणं कठीण. पोरांना सुचत नाही म्हणून नव्हे. लोक पैसे कशाचे देतात, यावर बँड काय वाजवणार हे बरंचसं ठरतं. हे दुखणं वाडीपुरतं नाही. मुंबईच्या रॉक मशीनलाही ते चुकलं नाही, आणि तो तर देशातला नावाजलेला बँड.

1984 मध्ये मुंबईत रॉक मशीन उभा राहिला. महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बासवर. उदय बेनेगल गायक म्हणून थोडा नंतर आला आणि त्याचाच आवाज बँडची ओळख झाला. झुबीन बलापोरिया कीबोर्ड घेऊन आला तेव्हा गिटारच्या भिंतीला खिडक्या पडल्या. त्या काळात आपल्याकडे रॉक बँड म्हणजे परदेशी गाण्यांची नक्कल. जो हुबेहूब वाजवील तो मोठा. परदेशी गिटारवर जबर आयात शुल्क. त्यामुळे बाहेरगावी असलेला एखादा मामा-काका हाच बहुतेकांचा वाद्यविक्रेता. अशा दिवसांत या पोरांनी स्वतःची गाणी लिहिली आणि 1988 मध्ये 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम काढला.

तो आज ऐकला तर खरं सांगायचं, थोडं हसू येतं. उंच पट्टीतला गळा, गिटारची चमकदार सोलो, समूहाने ओरडायचे ध्रुवपद: अमेरिकेतल्या लांब केसांच्या बँडांचा सगळा सरंजाम. पण वाजवण्यात कुठे ढिलाई नाही. धोबी तलावाजवळच्या रंगभवनात, शासनाच्या त्या उघड्या नाट्यगृहात, असलंच संगीत लागायचं. 1986 पासून 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव तिथे रुजला. वर छप्पर नाही, समोर हजारो पोरं. अशा ठिकाणी नाजूक काम वाऱ्यावर जातं. मोठा ठोका, मोठा रिफ, लगेच उचलता येईल असं ध्रुवपद, हेच पोचतं. 'टॉप ऑफ द रॉक' आठवून पाहा. ते गाणं जणू त्या मैदानाच्या मापाने शिवलेलं आहे.

1990 मध्ये दुसरा अल्बम आला, 'द सेकंड कमिंग'. मग उपग्रह वाहिन्या आल्या आणि श्रोता मैदानातून घरातल्या सोफ्यावर गेला. 'प्रीटी चाइल्ड'च्या व्हिडिओला एमटीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. 1993 मध्ये बँडने नाव बदललं: इंडस क्रीड. रॉक मशीन हे नाव कुठल्याही देशातल्या कुठल्याही बँडला चाललं असतं, नव्या नावात सिंधू होती. 1995 मध्ये त्याच नावाचा अल्बम आला. मला त्यांचं सगळ्यात जवळचं काम हेच वाटतं. 'ट्रॅप्ड'मध्ये बेनेगल ओरडत नाही. आवाज दाबून धरतो, आणि मागची वाद्यं त्याला जागा सोडतात. वयात आलेल्या बँडचं हे लक्षण.

आणि नेमक्या त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' आलं. पाठोपाठ 1996 मध्ये हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचे कलोनियल कझिन्स. वाहिन्यांना आणि कंपन्यांना हिंदी पॉपची चव लागली. ज्या टीव्हीने इंडस क्रीडला घरोघरी नेलं, त्याच टीव्हीला आता इंग्रजी रॉकची गरज उरली नाही. 1997 मध्ये बँड थांबला. बेनेगल आणि गांधी यांनी 'आम्स फॉर शांती' काढून भारतीय संगीताशी सांधा जुळवला आणि न्यूयॉर्क गाठलं. यात कुणी गद्दारी केली असं म्हणणारे रॉकवाले मला नेहमीच पोरकट वाटत आले आहेत.

इथे जर्मनीतल्या 'द नोटविस्ट' या बँडकडे बघण्यासारखं आहे. 1989 मध्ये बव्हेरियातल्या वाइलहाइम या लहान गावात मार्कुस आणि मिखा आखर या भावांनी तो काढला. सुरुवात हार्डकोर आणि मेटलची, कानठळ्या बसवणारी. 1997 च्या सुमारास मार्टिन ग्रेचमन इलेक्ट्रॉनिक्स घेऊन आला, 1998 च्या 'श्रिंक'मध्ये जॅझ शिरलं आणि 2002 च्या 'नीऑन गोल्डन'मध्ये तोच बँड बँजो, संगणकाची खरखर आणि जवळजवळ कुजबुजता गळा घेऊन उभा राहिला. इतका पालट पचवायला श्रोता लागतो, तसा वेळही लागतो. तिकडे सरकारी मदतीवर चालणारी युवा केंद्रं आहेत, गावोगावी लहान क्लब आहेत, छोट्या रेकॉर्ड कंपन्या आहेत. तेरा वर्षं चुकतमाकत वाजवत राहण्याची सोय त्यांना होती. रॉक मशीनलाही सुरुवातीपासून तेराच वर्षं मिळाली, पण आवाज सापडल्यावर दोन वर्षांत दुकान बंद. आखर बंधूंना 1995 मध्ये थांबावं लागलं असतं, तर एक बरा गोंगाटी बँड एवढीच त्यांची नोंद राहिली असती.

रंगभवनही गेलं. आजूबाजूला रुग्णालयं आणि महाविद्यालय, म्हणून शांतता क्षेत्र. नव्या शतकाच्या सुरुवातीला तिथले जलसे बंद झाले. रुग्णांची बाजू खरी आहे, पण बदली जागा कुणी दिली नाही.

2010 मध्ये इंडस क्रीड पुन्हा जमला. बेनेगल, तिनईकर, बलापोरिया हे जुने. बासवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय राव कवी हे नवे. 2012 मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला, मिक्सिंग टिम पामरचं. पर्ल जॅमच्या 'टेन'चं मिक्सिंग करणारा तोच. 'फायरफ्लाइज'सारखी गाणी सावकाश उलगडतात, मध्येच लय बदलतात, ध्रुवपदाची घाई करत नाहीत. कारागिरीत हा त्यांचा सर्वांत पक्का अल्बम. गुणगुणायला मात्र हाती फारसं लागत नाही. तोवर बँडवर पोट अवलंबून नव्हतं, टीव्हीला खूश करायचं नव्हतं. माणसं स्वतःसाठी वाजवू लागली की असंही होतं.

एक गोष्ट राहून राहून खटकते. तिनईकर हे नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारतात, पण या साऱ्या प्रवासात मराठी शब्द कुठे वाजला नाही. त्यांच्याकडून ती अपेक्षा करणं बरोबर नाही. मुंबईच्या रॉकची भाषा तेव्हा इंग्रजी होती. अलीकडे मुंबईच्याच 'अभंग रिपोस्ट'ने तुकोबांचे अभंग बास, ड्रम्स आणि गिटारवर घेतले आणि त्यांना श्रोता मिळाला. गंमत अशी की त्यांच्या कार्यक्रमातले शब्द श्रोत्यांना आधीच पाठ असतात. वाडीतल्या पोराला मंडळाच्या स्टेजवर अभंग वाजवायला कुणी अडवणार नाही. स्वतःचं गाणं वाजवतो म्हणाला, तर 'आधी झिंगाट होऊ दे' हे त्याला ऐकावंच लागेल.